२४० आयपी एकाच वेळी पिंग करायचे आहेत, पण बंद उपकरणांचा आकडा शून्यच येतोय

शिरोली_सिस्टीम:
शिरोली एमआयडीसीत मुख्य कारखाना, गोकुळ शिरगाव आणि कागलला एकेक युनिट. राउटर, स्विच, कॅमेरे, हजेरीची मशीन धरून २४० आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) एका टेक्स्ट फाइलमध्ये आहेत. शिरोलीच्या लिनक्स सर्व्हरवरून बॅश स्क्रिप्ट एकेकाला पिंग करते (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघते), क्रॉन हा वेळापत्रकाचा प्रोग्राम ती दर ५ मिनिटांनी चालवतो. पावसात एखाद्या युनिटची लाइट गेली की ३५ उपकरणं बंद दिसतात आणि पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होते. सगळे पिंग एकाच वेळी मागे चालावेत म्हणून पिंगच्या ओळीला शेवटी ॲम्परसँड लावला आणि ते संपेपर्यंत थांबायला लूपनंतर वेट दिलं. फेरी झटकन संपते, पण बंद मोजणारं व्हेरिएबल शून्यच राहतं, शिवाय लॉगच्या ओळी एकमेकींत घुसतात. काय चुकतंय?

राजारामपुरी_लिनक्स:
ॲम्परसँड लावलेला भाग सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालतो. तिथं वाढवलेलं व्हेरिएबल तिथंच संपतं, मूळ स्क्रिप्टपर्यंत पोचत नाही. म्हणून व्हेरिएबलात मोजूच नका. प्रत्येक तपासणीनं आयपी आणि निकाल अशी एक ओळ छापायची, आणि सगळं झाल्यावर ग्रेप डॅश सीनं बंदच्या ओळी मोजायच्या. ती ओळ एकाच प्रिंटएफमधून जाऊ दे. आयपी एका एकोनं आणि निकाल दुसऱ्या एकोनं लिहिला की मधल्या फटीत दुसरी प्रोसेस आपलं लिहून जाते.

आता वेळ. नुसतं डॅश सी १ (एकच पॅकेट) दिलं, तर पलीकडच्या युनिटमधल्या मुक्या उपकरणासाठी पिंग १० सेकंद थांबतो. ३५ उपकरणांचे ३५० सेकंद झाले, क्रॉनचे ३०० तिथंच संपले. डॅश सी २ आणि डॅश कॅपिटल डब्ल्यू १ (उत्तरासाठी १ सेकंद थांबणं) द्या. दोन पॅकेट अशासाठी की वायरलेस लिंकवर एखादं हरवतंच. स्मॉल डब्ल्यू (एकूण वेळेची मर्यादा) मात्र देऊ नका. सीबरोबर तो दिला आणि दोनपैकी एकच उत्तर आलं, तरी पिंग एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) १ देतो आणि चालू उपकरण बंद म्हणून नोंदलं जातं.

२४० प्रोसेस एकदम सोडण्यापेक्षा यादी एक्सआर्ग्ज या कमांडला द्या: डॅश कॅपिटल पी ४० (एका वेळी ४० प्रोसेस), डॅश एन १ (प्रत्येकीला एक आयपी), पुढं एका आयपीची तपासणी करणारी छोटी स्क्रिप्ट. बंद उपकरणाला दोनेक सेकंद लागतात, तेव्हा सगळं नेटवर्क झोपलं तरी फेरी १२-१३ सेकंदांत उरकते. क्रॉनच्या ओळीत फ्लॉक डॅश एन घाला, म्हणजे जुनी फेरी चालू असताना नवी सुरूच होणार नाही.

पंचगंगा_नोड:
एक्झिट कोड १ आणि २ एकाच खात्यात टाकू नका, भावा. १ म्हणजे उत्तर नाही. २ म्हणजे पिंगलाच अडचण आली: नाव सापडलं नाही, पत्ता चुकला वगैरे. यादी विंडोजवर केली असेल तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं अक्षर चिकटलेलं असतं आणि सगळेच पत्ते २ देतात. कॅट डॅश कॅपिटल ए लावून बघा, ते कॅरट एम असं दिसेल.

शिवाय, सुरुवातीला तिन्ही ठिकाणचे राउटर तपासा. कागलचा राउटर बंद असेल तर त्यामागची सगळी उपकरणं "माहीत नाही" अशी नोंदवा. ती बंद आहेत हे तुम्हाला इथून दिसतच नाही.

शिरोली_सिस्टीम:
यादीतल्या काही ओळी एक्सेलमधूनच काढल्या होत्या. त्या ओळींना कॅरट एम दिसलं, डॉस टू युनिक्सनं काढलं. फेरी आता ७ सेकंदांत होते. राहिला एक प्रश्न: काही कॅमेरे पिंगला उत्तर देतात, पण चित्र येत नाही.

राजारामपुरी_लिनक्स:
पिंगचं उत्तर कर्नल देतो. व्हिडिओ देणारा प्रोग्राम बंद पडला तरी ते येत राहतं. कॅमेऱ्यांची यादी वेगळी करा आणि त्यांना एनसी (पोर्ट उघडं आहे का बघणारी कमांड) डॅश झेड, डॅश स्मॉल डब्ल्यू २ लावून पोर्ट ५५४ तपासा. आरटीएसपी (व्हिडिओ प्रवाहाचा प्रोटोकॉल) साधारण तिथंच असतो. एक्सआर्ग्ज तसाच ठेवा, फक्त पी १० पुरे.

पंचगंगा_नोड:
नुसत्या पिंगसाठी एफपिंगही टाकून बघा. तो एकाच प्रोसेसमधून सगळ्यांना पॅकेट पाठवतो. डॅश एफला फाइल, डॅश यूनं फक्त बंद पत्ते. रूटशिवाय चालवलं तर काही आवृत्त्या डॅश एफ घेत नाहीत; तेव्हा यादी स्टँडर्ड इनपुटवरून द्या.