टाकी फुल, काटा अर्ध्यावर

प्रीमियर पद्मिनी गाडीची टाकी फुल करूनही पेट्रोलच्या मीटरचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही, म्हणून मेकॅनिकने मीटर बदलायला सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. दादा, एवढ्यात मीटर काढू नका. मूळचा मीटर एकदा भंगारात गेला की तसा दुसरा मिळणं फार अवघड.

आधी टाकीवरच्या सेंडरचं, म्हणजे पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणाऱ्या भागाचं, अर्थिंग (बॉडीशी वायरचं जोडण) बघा. माझ्या गाडीत दोष तिथेच होता. अर्थची वायर वरून धडधाकट दिसत होती, पण स्क्रू काढल्यावर वायसरखाली तांबडा गंज आणि धुळीचा थर. गंजाने रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो आणि काटा खोटं बोलायला लागतो. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू आवळला, काटा सरळ जागेवर!

तरीही फरक पडला नाही तर सेंडरची वायर काढून चावी ऑन करा. काटा एका टोकाला जायला हवा. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली की दुसऱ्या टोकाला. तसं झालं तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष सेंडरमध्ये. मग सेंडरच्या फ्लोटमध्ये (पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ भागात) पेट्रोल शिरलंय का, त्याचा दांडा वाकलाय का, ते तपासा. फ्लोट कानाशी हलवला की आतलं पेट्रोल ऐकू येतं.

एक कळकळीची विनंती: सेंडर उघडण्याआधी बॅटरीची वायर काढा. आपल्या सोलापूरच्या उन्हात पेट्रोलची वाफ झपाट्याने होते, ठिणगी नकोच. काम सकाळी, मोकळ्या जागेत करा. काय निघालं ते नक्की कळवा.