वास येतो म्हणून फ्रान्सचा गॅस जर्मनीनं घेतला नाही? युरोपात नियम 'एक' केले म्हणजे नेमकं काय केलं?

भट्टीवाला (जालना):
मी एमआयडीसीत री-रोलिंग मिलच्या भट्टीवर आहे. भाची जर्मनीत शिकायलीय. परवा फोनवर म्हणाली, "मामा, २०२२ पर्यंत फ्रान्सचा गॅस पाइपातून इकडं येऊच देत नव्हते. त्याला वास येतो म्हणून." मला वाटलं पोरगी चेष्टा करायली. पाइप जोडलेला, आत दोन्हीकडं मिथेनच, मग अडलं कुठं? आणि तिकडं सगळ्या देशांचे नियम एकसारखे केलेत म्हणतात, ते काय? आमचे मालक भट्टी गॅसवर न्यायची म्हणायलेत, म्हणून जरा जास्तच डोक्यात बसलंय.

निवृत्त कंट्रोलरूमवाला (परभणी):
भाची खरंच सांगायलीय. माझी नोकरी गुजरातेत पाइपलाइनच्या कंट्रोल रूममध्ये गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

मनमाड-सिकंदराबाद लाइन मीटर गेज होती तेव्हा आमच्याकडचा माल मनमाडला उतरवून मोठ्या गाडीत चढवायचा. माल तोच, खोळंबा जोडावर. युरोपनं सगळे रूळ बदलले नाहीत, मनमाडच्या फलाटावर कुणी कसं वागायचं तेवढं ठरवलं. युरोपियन युनियनचा हा नियम २०१५ चा, लागू झाला १ मे २०१६ पासून. सीमेवरच्या प्रत्येक जोडासाठी दोन्हीकडच्या पाइपलाइन कंपन्यांनी करार करायचा: प्रवाह कुणी सांभाळायचा, मोजायचं कुणी, भांडण झालं तर काय.

मोजायची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. तिथं घनमीटर ० अंश सेल्सिअसचा धरतात, आपल्याकडं स्टँडर्ड घनमीटर १५ अंशांचा. दाब तोच, १.०१३२५ बार. गॅस तापला की फुगतो, म्हणून १५ अंशांचे १००० घनमीटर ० अंशावर ९४८ च भरतात. आमच्याकडं एका जोडावर दोन्ही मीटर धड असून रोज साडेपाच टक्क्यांचा फरक यायचा. दीड महिना नुसती पत्रापत्री, एकमेकांच्या मीटरला नावं ठेवणं. शेवटी एका पोरानं फ्लो कॉम्प्युटरची (मीटरच्या आकड्यावरून घनमीटर काढणारं यंत्र) सेटिंग उघडली, तर एकीकडं ० आणि दुसरीकडं १५! म्हणूनच युरोपात हिशेब शेवटी किलोवॅट-तासात, म्हणजे उष्णतेत करतात.

दिवससुद्धा ठरवावा लागला. मध्य युरोपात गॅसच्या हिशेबाचा दिवस सकाळी ६ ते ६. ब्रिटनचाही ६ ते ६ च होता, पण त्यांचं घड्याळ एक तास मागं. मग ऑक्टोबर २०१५ पासून त्यांनी पहाटे ५ केला. आणि जोडातून किती गॅस जाणार हे दोन्हीकडून कळवायचं; एकानं १०० मागितले, पलीकडच्यानं ८० कळवले, तर ८० च धरायचे. कमी आकडा खरा.

लातूरकर:
ते सगळं ठीक, पण वासाचं काय?

निवृत्त कंट्रोलरूमवाला (परभणी):
वासावरच येतो आता. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून घालतात. आपल्याकडं शहराच्या तोंडाशी. जर्मनीतही तसंच, वाटपाच्या पाइपात. फ्रान्स मात्र मोठ्या लाइनीतच घालतो. वासाच्या त्या रसायनात गंधक असतं आणि जर्मनीच्या मोठ्या लाइनीवरच्या कारखान्यांना गंधक नको. त्यामुळं जर्मनीकडून फ्रान्सकडं गॅस जायचा, उलटा नाही. नियमात यावर एकच एक तोडगा नाही: आधी कंपन्यांनी आपसांत मिटवावं, नाहीच मिटलं तर सरकारी नियामकानं लक्ष घालावं. रशियाचा गॅस आटला तेव्हा मात्र जर्मनीनं वासासकट घ्यायचं कबूल केलं आणि १३ ऑक्टोबर २०२२ ला दोघांच्या सीमेवरच्या ओबरगाइलबाखच्या जोडातून उलटा प्रवाह सुरू झाला.

लातूरकर:
गरज पडली की वास गेला! हे नियम कशाला मग?

निवृत्त कंट्रोलरूमवाला (परभणी):
मापाचं आणि घड्याळाचं आधीच ठरलेलं होतं. हिवाळा तोंडावर असताना तेही मांडून बसले असते, तर गॅस उन्हाळ्यात पोचला असता. पण सगळं एक झालं असं मी म्हणत नाही. भट्टीवाल्यांच्या कामाचं म्हणजे वोबे अंक: गॅसची उष्णता भागिले त्याच्या सापेक्ष (हवेच्या तुलनेतल्या) घनतेचं वर्गमूळ. बर्नरला खरा फरक यानं पडतो. २०१५ ला युरोपनं गॅसच्या प्रतीचं मानक काढलं, त्यात हाच आकडा घातला नाही. देशांचं एकमतच होईना. कुणाची उपकरणं एका पट्ट्यात बसवलेली, कुणाची दुसऱ्या.

आपल्या देशाची सीमा ओलांडणारी गॅसची लाइन अजून नाही. मोतिहारीहून नेपाळात २०१९ पासून लाइन आहे, पण ती डिझेलसारख्या तेलाची. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे यायची होती, १८०० किलोमीटरच्या वर. आली असती तर चार देशांचं हेच सगळं बसून ठरवावं लागलं असतं.

भट्टीवाला (जालना):
भाचीला फोन करून कबूल केलं. मालकांकडं कराराचा मसुदा आलाय, त्यात नुसतं 'एससीएम', म्हणजे स्टँडर्ड घनमीटर, लिहिलंय. तापमान कुठं दिसंना.

निवृत्त कंट्रोलरूमवाला (परभणी):
मागं व्याख्यांचं पान असतं, तिथं बघा. नसलं तर सही व्हायच्या आधी १५ अंश लिहून घ्या, आणि वोबेचा कमीत कमी-जास्तीत जास्त आकडाही. बर्नरवाला पहिल्यांदा तेच विचारील.