ए७ थ्री खरोखरच कालबाह्य झाला आहे का? (ए७ फोरच्या भक्तांना सविस्तर उत्तर)

छायाकल्प
परवा या मंचावर एका सदस्याने ठणकावून लिहिले की, सोनीचा ए७ थ्री हा कॅमेरा आता भंगारात काढावा, तो घेऊन लग्नाच्या कामाला जाणे म्हणजे यजमानांची फसवणूक आहे आणि त्याची पुढची आवृत्ती, म्हणजे ए७ फोर, न घेणारा छायाचित्रकार लवकरच धंद्याबाहेर फेकला जाईल. या विधानावर माना डोलावणारे इतके निघाले की, दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

थ्री २०१८ सालचा, २४ मेगापिक्सेलचा. फोर २०२१ सालचा, ३३ मेगापिक्सेलचा. हा आकडा विक्रेते ज्या थाटात सांगतात, त्या थाटात तो चित्रात उतरत नाही. थ्रीचे चित्र ६,००० पिक्सेल रुंद असते आणि फोरचे ७,००८, म्हणजे रुंदीत मिळालेली वाढ सुमारे १७ टक्के. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचे उघडलेले पान बहुधा १२ बाय ३६ इंचांचे असते. त्या अख्ख्या पानावर एकच छायाचित्र पसरले, तरी थ्रीला इंचामागे १६७ पिक्सेल मिळतात आणि फोरला १९५. मांडीवर अल्बम घेऊन बसलेल्या वधूच्या मावशीला हा फरक दिसतो, असे कोणी शपथेवर सांगत असेल, तर त्या मावशींना भेटायला मी स्वखर्चाने येईन. वाढीव आयएसओवरील नॉइजचेही, म्हणजे कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवल्यावर चित्रात येणाऱ्या ठिपक्यांचेही, तेच आहे. दोन्ही चित्रे एकाच आकारात छापल्यावर कोणते कुठल्या कॅमेऱ्याचे, हे ओळखणे कठीण जाते. बॅटरी दोघांची एकच, तरीही प्रमाणित चाचणीत मागचा पडदा वापरून थ्री ७१० छायाचित्रे काढतो आणि फोर ५८०. जुना कॅमेरा जेथे पुढे आहे, ती गोष्ट त्या लेखात सोयीस्करपणे गाळली होती.

ज्याच्याकडे थ्री आहे आणि ज्याची ऐपत एकाच खरेदीची आहे, त्याने ते पैसे ८५ मिमीच्या एफ/१.८ लेन्समध्ये (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त) आणि दोन चांगल्या फ्लॅशमध्ये घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंडपवाला
ते लिहिणारा मीच. नाव घ्यायला आपल्याला संकोच वाटला असावा.

आपण अल्बमवर भिंग धरून बसला आहात, मी मंडपात उभा असतो. अंतरपाट बाजूला होतो त्या दोनचार सेकंदांत अक्षता उडत असतात, करवलीचा हात मध्ये येतो, मामा वधूला उचलायला सरसावतात आणि कार्यालयाने हौसेने लावलेले जांभळे एलईडी थेट लेन्समध्ये घुसतात. तेथे पिक्सेलवर पोट भरत नाही, फोकसवर भरते. एफ/२ ची लेन्स धरली तर थ्रीचा ऑटोफोकस उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचे माप) चालतो आणि फोरचा उणे ४ पर्यंत, म्हणजे निम्मा प्रकाश असला तरी तो काम करतो. गेल्या मोसमात देवघरात केवळ समईच्या उजेडात बोडण (देवीच्या पूजेचा विधी) भरताना मी फोरने चित्रे काढली आणि डोळ्यावर बसलेला फोकस शेवटपर्यंत हलला नाही. हे तुमच्या टक्केवारीत कोठे बसते?

व्हिडिओचे तर आपण नावही काढले नाही. थ्री ८ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या मोजक्या छटांत, अडकलेला आहे. एस-लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिके चित्र घेण्याची सोनीची पद्धत) चित्रीकरण करून रंग ओढू लागलात की संध्याकाळच्या आकाशाला पट्टे पडतात. फोर १० बिट ४:२:२, म्हणजे रंगांची कितीतरी जास्त माहिती, देतो. थ्रीचे सलग चित्रीकरण २९ मिनिटांनी थांबते, फोरला तशी मर्यादा नाही. सत्यनारायणाची कथा २९ मिनिटांत उरकणारे गुरुजी मला तरी अजून भेटलेले नाहीत.

छायाकल्प
व्हिडिओबद्दल मी बोललो नाही, कारण मी छायाचित्रांबद्दल बोलत होतो. पण विषय निघालाच आहे, तर उरलेलेही सांगा. फोरमध्ये ४के ५० किंवा ६० फ्रेम घ्यायच्या म्हटले की चित्र दीडपट कापले जाते, म्हणजे २४ मिमीची लेन्स ३६ मिमीसारखी वागू लागते. ज्या मंडपात तुम्हाला पाऊलभर मागे सरकायला जागा नसते, तेथे ही कृपा कितपत उपयोगाची आहे? सेकंदाला दहा चित्रांचा वेगही जुना लॉसी रॉ (थोडी माहिती गाळून लहान केलेली मूळ फाइल) स्वीकारला तरच मिळतो. काही न गाळणारा नवा लॉसलेस रॉ निवडलात की तो सहाच्या आसपास येतो. आणि प्रत्येक फाइल मोठी झाल्यामुळे हार्ड डिस्कचे जे बिल येते, ते यजमान भरत नाहीत.

दुर्बीण
मी लग्ने काढत नाही, त्यामुळे मावश्यांबद्दल माझे काही मत नाही. हिवाळ्यात मी भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर असतो. थ्रीला २०१९ मध्ये फर्मवेअरने (कॅमेऱ्याच्या आतील सॉफ्टवेअरने) प्राण्यांचा डोळा ओळखायला शिकवले, पण पक्ष्यांच्या डोळ्यासाठी स्वतंत्र व्यवस्था त्याला कधीच मिळाली नाही. फोरमध्ये ती पहिल्या दिवसापासून आहे. नदी सुरय पाण्यावर झेपावतो तेव्हा हा फरक टक्क्यांचा राहत नाही, चित्र मिळाले किंवा नाही मिळाले, एवढाच उरतो. मात्र छायाकल्प यांचा लेन्सचा मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो, कारण २०० मिमीच्या लेन्सवर फोर लावून रोहित (फ्लेमिंगो) काढायला आलेले उत्साही लोक मी होडीत पाहिले आहेत, आणि त्यांच्या चित्रांत रोहित शोधावे लागतात.

सोनोरी
एवढी चर्चा झाली, पण ज्यासाठी मी थ्री सोडला ते कारण कोणालाच सुचले नाही. फोर बंद करताना शटर मिटून घेता येते, त्यामुळे लेन्स बदलताना चित्र टिपणारा सेन्सर उघडा पडत नाही. थ्रीमध्ये ही सोय नाही.

सोमवती अमावास्येला जेजुरीला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, तेव्हा गडावर भंडारा कसा उधळला जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. त्या गर्दीत मी थ्रीवरची ३५ मिमीची लेन्स काढून ८५ ची लावली. घरी आल्यावर पाहिले, तर एफ/११ च्या प्रत्येक चित्रात आकाशावर डाग होते. ब्लोअरने ते हलले नाहीत, कारण हळदीची ती बारीक पूड दमट हवेत घट्ट धरून बसते. शेवटी ओल्या स्वॅबने सेन्सर पुसून घ्यावा लागला.

कातळशिल्प
सोनोरीताई, हे बंद शटरचे कौतुक मला कळलेले नाही. कॅननच्या ईओएस आरमध्ये ते २०१८ पासूनच आहे, म्हणजे फोरने काही नवा शोध लावलेला नाही. शिवाय शटरची पाती अतिशय नाजूक असतात. धूळ सेन्सरवरून पुसता येते, पण घाईत बोट किंवा लेन्सची कड पात्याला लागली तर थेट दुरुस्तीच करावी लागते. आणि धुळीचे काय घेऊन बसलात? राजापूरला चार महिने पावसाळा काढून पाहा. लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, तेथे ना थ्री कामाला येतो ना फोर. माझ्याकडच्या दोन लेन्स अशाच गेल्या. पहिल्यांदा ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, मग बॉडीच्या, म्हणजे लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्याच्या, गप्पा करा.

मंडपवाला
आम्ही कॅमेऱ्यांची तुलना करत होतो की कोकणातील हवामानाची? बुरशीला दोन्ही बॉडी सारख्याच, मग या धाग्यात ती आली कशासाठी?

आणि शटरच्या पात्यांची भीती घालणाऱ्यांनी एकदा हळदीचा कार्यक्रम काढून पाहावा. तेथे आता फुलांबरोबर रंगीत पूड उडवण्याची फॅशन आली आहे. मी प्रत्येक वेळी कॅमेरा बंद करतो, शटर मिटल्याचा आवाज ऐकतो, बॉडीचे तोंड खाली धरतो आणि मगच लेन्स काढतो. पात्याला बोट लागत नाही, कारण बोट तेथे घालायचे नसते, हे मला कोणी शिकवावे लागलेले नाही.

कातळशिल्प
बोट तेथे घालायचे नसते हे आपल्याला ठाऊक आहे; आपल्या मदतनिसाला आहे का? मंडपात लेन्स बदलून देणारा बहुतेक वेळा तोच असतो. स्वतःच्या शिस्तीवर सगळ्या जगाला सल्ले देण्याची आपली सवय त्या मूळ लेखातही दिसली होतीच. बुरशीचे म्हणाल तर ज्याने सगळे पैसे बॉडीत घातले, त्याच्याकडे लेन्स जपायला काही उरत नाही. संबंध एवढाच आहे.

सोनोरी
दोघांनीही जरा दम धरावा. ती सोय मेन्यूत जाऊन सुरू करावी लागते, आपोआप मिळत नाही. फोर घेऊन वर्ष झालेल्या कित्येकांना ती असल्याचेच ठाऊक नसते. कॅमेरा चालू असतानाच बॅटरी ओढली तर शटर उघडेच राहते, म्हणजे ही काही कवचकुंडले नव्हेत. पण आठ तास गर्दीत, एकटीने, बसायला कोपराही नसताना काम करणाऱ्या माणसाला ‘आडोशाला जाऊन लेन्स बदला’ हा सल्ला देणाऱ्यांनी चैत्री पौर्णिमेला एकदा माझ्याबरोबर जेजुरीला यावे. आडोसा त्यांनी शोधून द्यावा, चहा मी पाजेन.

छायाकल्प
धुळीचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता आणि तो खरा आहे, एवढे मी लिहून देतो. तरीही मी विचारतो की, एफ/१.८ ते एफ/४ मध्ये लग्न काढणाऱ्याला हे डाग दिसतात तरी का? डाग छिद्र लहान केल्यावर उमटतात. सोनोरी यांना आकाश आणि अख्खा गड हवा असतो, म्हणून एफ/११. मंडपात एफ/११ कोण लावतो?

मंडपवाला
शंभर जणांचा सामूहिक फोटो काढणारा एफ/८ लावतो, आणि मागे पांढरा कापडी पडदा असतो. डाग बरोबर वराच्या फेट्याशेजारी येतो. असो. ज्याला व्हिडिओचे काम मिळत नाही आणि जो अंधारात जात नाही, त्याने खुशाल थ्री वापरावा. असे सुखी लोक या धंद्यात किती उरले आहेत, ते मला माहीत नाही.

दुर्बीण
मंडपवाले साहेब, दिवाळीआधी याच मंचावर थ्रीसाठी जास्तीची बॅटरी कोण विचारत होते?

मंडपवाला
ती बॅटरी दोन्ही कॅमेऱ्यांना चालते, हे वर छायाकल्प यांनीच लिहिले आहे. आणि दुसऱ्या खांद्यावर थ्री असतो, कारण भर मुहूर्तावर एक बॉडी बंद पडली तर हातात दुसरी लागते. त्याला मी राखीव म्हणतो. त्यावर ३५ कायमची लावलेली असते, त्यामुळे लेन्स बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

कातळशिल्प
म्हणजे धुळीवरचा सर्वांत स्वस्त उपाय जुना कॅमेरा न विकणे हा निघाला. हे आधी सांगितले असते तर माझा अर्धा तास वाचला असता.

सोनोरी
सगळ्यांना दोन बॉडी परवडत नाहीत. आणि जे आता स्वस्तात वापरलेला थ्री घ्यायला निघतील, त्यांनी विक्रेत्याच्या सांगण्यावर न जाता लेन्स एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचे एक चित्र काढावे आणि मगच भाव ठरवावा. शटरची क्षमता कंपनीने दोन लाख चित्रांची सांगितली आहे, तेव्हा शटर काउंटही (आजवर शटर किती वेळा चालले तो आकडा) पाहावा. लग्नाच्या कामातून आलेला असेल तर तो आकडा ऐकून बसायला खुर्ची जवळ ठेवावी.