बायबलात नाही म्हणजे खोटं? मग बायबलची यादी कुठल्या वचनात आहे?

जपमाळ:
"बायबलात नाही ते सगळं माणसांनी घुसडलेलं, कॅथलिकांनी परंपरा सोडून द्यावी" ही कालची पोस्ट वाचून डोकं सणकलं म्हणून लिहितेय. नवा करार बांधून-बिंधून आकाशातून पडला का? बरोब्बर त्याच 27 पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिसते इ.स. 367 मधे, बिशप अथनासियसच्या पत्रात. तोवर लोक जे ऐकलं, जे मिस्सामधे (चर्चमधल्या उपासनेत) केलं त्यावरच जगत होते ना! प्रेषित पौल स्वतः बायबलात सांगतो, तोंडी शिकवलेलंही धरून ठेवा (2 थेस्सलनीकाकरांस 2:15).

वचनवाचक:
सोनार सोनं पारखतो म्हणून सोनं त्याचं होत नाही; तसं चर्चने पुस्तकं ओळखली म्हणून वचन चर्चच्या मालकीचं होत नाही. मत्तय 15 वाचा, परंपरेसाठी देवाची आज्ञा मोडणाऱ्यांना येशू काय म्हणाला ते. 1950 मधे पोप पायस बारावे म्हणतात मरिया सदेह स्वर्गात गेली हे मानायलाच हवं, एक वचन दाखवा. आणि मक्काबी वगैरे जुन्या करारातली जादा पुस्तकं तर 1546 ला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मसभेत घुसवली.

जपमाळ:
घुसवली?? 397 च्या कार्थेज धर्मसभेच्या यादीत आहेत ती!

वचनवाचक:
आणि तुमच्याच अथनासियसच्या पत्रात मक्काबी नाहीत, ते का गाळलंत?

मधला_बाक:
प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरनेही त्याच्या 1534 च्या बायबलमधून ती पुस्तकं काढली नव्हती, वेगळी छापली होती. आवाज कमी करा दोघं.

जपमाळ:
गाळलं, मान्य. पण मक्काबीवरच राग का ते कळतं, 2 मक्काबी 12 मधे मेलेल्यांसाठी प्रार्थना आहे. माझी आई गेली तेव्हा मी सोळाची, मावशी तिथेच म्हणाली आता तिच्यासाठी प्रार्थना करू नकोस, बायबलात नाही. अजून विसरले नाही.

वचनवाचक:
वाईट झालं ते. पण आमच्याकडे उलटं, बाबा गेल्यावर आजी वर्षभर रडत होती, मिस्सा कमी पडल्या, पोरगा शुद्धिस्थानात (मेल्यावर आत्मा पापांपासून शुद्ध होतो त्या अवस्थेत) जळतोय म्हणून. रोमकरांस 8 वाचलं, ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही, तेव्हा कुठे मला झोप लागली.

जपमाळ:
शुद्धिस्थानातला आत्मा तारलेलाच असतो हो, हीच चर्चची शिकवण आहे. आजीला चुकीचं सांगितलं कुणीतरी.

वचनवाचक:
मग चूक तपासायची कशावर? वचनावरच ना!

जपमाळ:
वचनावर, हो. 1965 च्या 'देई वेर्बुम' या कॅथलिक चर्चच्या दस्तऐवजातही लिहिलंय की चर्चचा शिकवणारा अधिकार वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेला आहे. पण अर्थ कुणी लावायचा? त्या दिवशी मावशीच्या हातातही बायबलच होतं.

वचनवाचक:
मावशी चुकली, तेवढं मान्य. 1950 च्या मरियेच्या शिकवणीचं उत्तर अजून आलेलं नाही.