अन्सिबल, पपेट की व्हेग्रंट? नऊ सर्व्हरसाठी सल्ला हवा

प्रश्न (बाणेर, पुणे)
नमस्कार. आमच्या छोट्या कार्यालयात उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टमचे नऊ सर्व्हर असून ते सगळे हाताने उभारलेले आहेत. गेल्या महिन्यात लॅपटॉपवर सुरळीत चालणारा कोड सर्व्हरवर चढवताच बंद पडला आणि दिवसभर शोधल्यावर कळले की लॅपटॉपवर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती ८.२ होती, तर सर्व्हरवर ७.४. हे पुन्हा घडू नये म्हणून अन्सिबल, पपेट (सर्व्हरवर काय हवे ते फाइलमध्ये लिहून आपोआप बसवणारी साधने) आणि व्हेग्रंट या तिघांपैकी कोणते घ्यावे?

उत्तर (कोथरूड)
व्हेग्रंटला या तुलनेत धरू नये, कारण त्याचे काम वेगळे आहे. २०१० मध्ये आलेले हे साधन व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरकडून लॅपटॉपवर आभासी मशीन (संगणकातला संगणक) उभे करून घेते. त्यात काय बसवायचे ते शेल स्क्रिप्टने (कमांडच्या यादीने), अन्सिबलने किंवा पपेटने सांगावे लागते. सर्व्हरवर चालणारी प्लेबुकच (अन्सिबलची सूचनांची फाइल) व्हेग्रंटच्या मशीनवर चालवा, म्हणजे पीएचपीची आवृत्ती एकाच फाइलमध्ये राहील आणि दोन्हीकडे तीच बसेल. नऊ सर्व्हरसाठी मी अन्सिबलच घेईन. त्याला सर्व्हरवर एसएसएच (दुरून सुरक्षित जोडणी) आणि पायथन ही भाषा पुरते, वेगळा एजंट (सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्रॅम) लागत नाही.

उत्तर (हडपसर)
वरील मत पटते, पण पपेटची एक बाजू सांगायलाच हवी. त्याचा एजंट मूळ सेटिंगनुसार दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरला विचारतो आणि कोणी हाताने केलेला बदल पूर्ववत करतो. माझ्या आधीच्या नोकरीत अन्सिबल होते; तिथे एका सहकाऱ्याने रात्री घाईत एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची फाइल बदलली आणि प्लेबुक कोणी चालवलीच नसल्याने तो बदल चार महिने तसाच राहिला. अन्सिबल घेतलेत तर प्लेबुक रोज ठरलेल्या वेळी आपोआप चालेल अशी व्यवस्था नक्की करा.

उत्तर (वारजे)
एम-मालिकेच्या प्रोसेसरचे मॅक असतील, तर इंटेल प्रोसेसरसाठी बनवलेले व्हेग्रंट बॉक्स (आभासी मशीनच्या तयार प्रती) व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालत नाहीत, आर्म प्रोसेसरचेच घ्यावे लागतात. व्हेग्रंटऐवजी डॉकर हलके पडते; ते पूर्ण मशीनऐवजी कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमपुरती वेगळी जागा, उभी करते. मात्र कंटेनरमध्ये सहसा सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) नसते, त्यामुळे प्लेबुकमधील सर्व्हिस सुरू करण्याच्या पायऱ्या तिथे जशाच्या तशा तपासता येत नाहीत.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल व्हेग्रंटच्या मशीनवर पहिली प्लेबुक चालवली. दुसऱ्यांदा चालवल्यावर, सगळे आधीच बसलेले असल्याने, बदलांचा आकडा शून्य यायला हवा होता, पण एक आला, कारण एक पायरी मी शेल मोड्यूलने (थेट कमांड चालवणाऱ्या अन्सिबलच्या भागाने) लिहिली होती आणि ते दर वेळी बदल झाल्याचेच कळवते. ती पायरी एपीटी मोड्यूलने (उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या भागाने) लिहिल्यावर शून्य आले. आता पहिल्या सर्व्हरवर आधी चेक मोडमध्ये (काहीही न बदलता काय बदलेल ते दाखवणाऱ्या पद्धतीने) चालवून पाहतो.