मुक्त कार्यप्रणालीने बंदिस्त ड्रायव्हरांसाठी स्वतःला बदलावे का?

संगणक शिक्षक, करवीर तालुका

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपणार हे ठाऊक असल्यामुळे आमच्या शाळेच्या संगणक कक्षातील वीस जुन्या यंत्रांवर मी आधीच उबुंटू या लिनक्सवर आधारित मुक्त कार्यप्रणालीची दीर्घ मुदतीची आवृत्ती बसवली होती. सोळा यंत्रे विनातक्रार चालली. उरलेल्या चारांमध्ये एका माजी विद्यार्थ्याने देणगी दिलेली ग्राफिक्स कार्डे होती, आणि त्यांच्यासाठी कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा पण मूळ कोड न दाखवलेला प्रोग्राम, घालावा लागला. पुढे एका शनिवारी अद्यतनाबरोबर कर्नेलची, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याची, नवी मालिका आली. सोमवारी पहिल्या तासाला दहावीची मुले समोर बसली, तेव्हा चारही पडदे काळे होते आणि डाव्या कोपऱ्यात फक्त एक रेघ लुकलुकत होती.

नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधण्याचा प्रयत्न डीकेएमएस या साधनाने केला होता आणि तो फसला होता, कारण कर्नेलमधील एका फंक्शनची रचना बदलली होती. अशा ड्रायव्हरातील कर्नेलशी जोडणारा पातळ थर उघडा असतो. तो मी दोन संध्याकाळी खपून दुरुस्त केला आणि पडदे उजळले. मात्र यंत्र झोपेतून उठताना गोठू लागले, आणि त्याचे कारण ज्या भागात होते तो भाग केवळ यंत्रभाषेतील एक गोळा होता. तिथे माझे हात थांबले. कंपनीने त्या पिढीच्या कार्डांचे काम केव्हाच सोडून दिले होते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे: ज्याला बंदिस्त ड्रायव्हर वापरायचा आहे त्याने तो जरूर वापरावा, पण कर्नेलने त्याच्या सोयीसाठी आपली घडण गोठवू नये. यावर आपली मते वाचायला आवडतील.

पॅटर्न शॉप, उद्यमनगर

सर, आपला त्रास खरा आहे, पण आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नेलमधील बदलामुळे मोडला, आणि तो बदल कुणीतरी जाणूनबुजून केला. कर्नेलच्या आतील जोडणी, म्हणजे ज्या फंक्शनांतून ड्रायव्हर कर्नेलशी बोलतो ती, कधीही बदलू शकते, तिची कोणतीही हमी मिळणार नाही, असे लिनक्स कर्नेलचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेले टिपण कर्नेलच्या कागदपत्रांतच ठेवलेले आहे. म्हणजे हा धोरणाचा भाग आहे, आणि धोरण बदलता येते.

आमच्याकडे ओतकामाचे पॅटर्न बनतात. धातू साच्यात कसा भरेल आणि कुठे आकसेल याचे गणित आम्ही ग्राफिक्स कार्डावर करतो, आणि ज्या सॉफ्टवेअरवर ते चालते त्याला कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. दुसरा पर्याय त्यात नाही. फौंड्रीवाल्याला पॅटर्न गुरुवारी हवा असतो. त्याला मी ‘आमचे कर्नेल तत्त्वनिष्ठ आहे’ असे सांगू शकत नाही. आणि गूगलला हे जमले आहे: अँड्रॉइडच्या सामायिक कर्नेलमध्ये, ५.१० या आवृत्तीपासून, चिप कंपन्यांच्या मॉड्यूलसाठी (कर्नेलमध्ये चढवायच्या ड्रायव्हरांसाठी) स्थिर जोडणी ठरवून दिलेली आहे. जे फोनसाठी शक्य झाले ते आमच्या टेबलावरच्या यंत्रासाठी का होऊ नये?

प्रणाली अभियंता, राजारामपुरी

अँड्रॉइडचे उदाहरण अर्धेच सांगितले गेले आहे. ती जोडणी कर्नेलच्या एकेका शाखेपुरतीच गोठवलेली असते, ५.१० साठी बांधलेले मॉड्यूल ६.१ वर चालत नाही. म्हणजे शाखा बदलली की कंपनीला ड्रायव्हर पुन्हा बांधून द्यावाच लागतो, आणि तिने तो दिला नाही, तर फोन जुन्या शाखेवर अडकतो. शिक्षकांच्या चार कार्डांचे जे झाले, तेच तिथेही होते.

याउलट ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये असेल, तर फंक्शन बदलणाराच त्याच बदलाबरोबर सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो, आणि हा नियम पंधरा वर्षांपूर्वीच्या, कुणी विचारत नसलेल्या कार्डालाही लागू होतो. कर्नेलच्या लेखकांनी बंदिस्त ड्रायव्हरांशी वैर धरलेले नाही. असे मॉड्यूल चढवले की कर्नेल स्वतःवर ‘डागाळलेले’ अशी खूण करून घेते, आणि त्यानंतरच्या बिघाडाची तक्रार लेखक सहसा ऐकून घेत नाहीत, कारण जो कोड वाचता येत नाही त्यातली चूक शोधणार कशी? ड्रायव्हर कर्नेलच्या पोटात, संपूर्ण स्मृतीवर अधिकार घेऊन चालतो. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पाडली. ते अद्यतन वाचताना कोसळला तोही कर्नेलमध्ये चालणारा बंदिस्त ड्रायव्हरच होता.

संगणक दुरुस्ती, शाहूपुरी

माझ्या दुकानात रोज दिसणारा घोळ मांडतो, कारण या चर्चेतही तो होऊ शकतो. ड्रायव्हर आणि फर्मवेअर या वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरवर, कर्नेलच्या आत चालतो. फर्मवेअर उपकरणाच्या स्वतःच्या चिपवर चालते, आपण फक्त ते तिथे पोहोचवतो. पूर्वी डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंदिस्त फर्मवेअर नसे. त्यामुळे गगनबावड्याहून एसटीने लॅपटॉप घेऊन आलेल्या मुलाला वायफायच मिळत नसे, आणि वायफायशिवाय ते फर्मवेअर उतरवून घेता येत नसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले, आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ते मिळू लागले. माझ्या मते रेघ इथेच ओढावी: फर्मवेअरला दार उघडे, कर्नेलच्या आतल्या बंदिस्त कोडला नाही.

पॅटर्न शॉप, उद्यमनगर

दादा, ती रेघ आता पुसट होत चालली आहे. मे २०२२ मध्ये एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्ड कंपनीने ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांच्या कार्डांसाठी कर्नेल मॉड्यूल खुले केले, त्याचे सर्वांनी स्वागत केले. पण कार्ड हाताळण्याचा बराचसा भाग कार्डावरच्याच एका प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये आहे, तो बंदिस्तच आहे, आणि आम्हाला लागणाऱ्या गणनेच्या लायब्रऱ्याही बंदिस्तच आहेत. मग कोड एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवला म्हणून तो चालतो, आणि तोच कोड पहिल्या खोलीत असला तर पाप, हे मला पटत नाही.

संगणक शिक्षक, करवीर तालुका

खोली बदलल्याने फरक पडतो, आणि मोठा पडतो. कार्डावरील कोडला मुख्य स्मृतीत कुठवर हात घालता येईल, याला आयओएमएमयू ही स्मृतीवर पहारा ठेवणारी यंत्रणा मर्यादा घालू शकते. कर्नेलच्या आत बसलेल्या कोडला अशी कोणतीही भिंत नसते. शिवाय उघडे मॉड्यूल असते, तर झोपेतून न उठणारे माझे यंत्र मी किंवा आणखी कुणी निदान तपासू शकले असते.

तरीही आपली अडचण मी नाकारत नाही. आपल्याला जे सॉफ्टवेअर लागते ते उद्याच्या उद्या बदलणार नाही. त्या एका यंत्रावर दीर्घ मुदतीचे कर्नेल अडवून ठेवावे, आधी दुसऱ्या डिस्कवर अद्यतन करून पाहावे आणि मगच खऱ्या यंत्राला हात लावावा, एवढेच मी सुचवेन. एएमडी या दुसऱ्या ग्राफिक्स कार्ड कंपनीने २००७ पासून आपल्या कार्डांची माहितीपत्रके खुली करायला सुरुवात केली, त्यामुळे निदान पडद्यापुरता तरी ग्राहकाला पर्याय उरला आहे.

मी ती चार कार्डे काढून बोर्डावरील अंगचे ग्राफिक्स सुरू केले. मुलांच्या कामाला ते पुरते. शाळेच्या पुढच्या खरेदीसाठी मागवायच्या दरपत्रकांत एक अट घालावी, असे पत्र मी मुख्याध्यापकांना दिले आहे: ‘यंत्रातील ग्राफिक्स, वायफाय आणि ध्वनी या तिन्हींचे ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये समाविष्ट असावेत, आणि पुरवठादाराने यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करून ते दाखवावे.’

संगणक दुरुस्ती, शाहूपुरी

सर, त्या अटीत यंत्र झोपवून पुन्हा उठवून दाखवण्याचीही भर घालावी.