मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांना निरनिराळ्या कामांची ओळख कशी करून द्यावी? (कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर शहरातील एका प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथीच्या वर्गांना शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शनिवारच्या सत्रांत मुलांना निरनिराळ्या व्यवसायांची ओळख करून द्यायचे आम्ही ठरवले आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केल्यामुळे वेळेची अडचण नाही आणि मुख्याध्यापकांचीही संमती आहे. अडचण आहे ती काय दाखवावे आणि कसे बोलावे याची.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची आणि स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडलेली आहे, त्यामुळे त्या वयासाठी काही ना काही साहित्य मिळते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी जे हाती लागते ते मात्र बहुधा भिंतीवरच्या तक्त्यापुढे जात नाही: पांढऱ्या कोटातील डॉक्टर, टोपीतील पोलीस, नांगर धरलेला शेतकरी. मुलांची उत्तरेही त्या तक्त्यातूनच येतात; अलीकडे त्यांत लष्करभरती आणि युट्यूब यांची भर पडली आहे. ज्या मुलाचे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) काम करतात त्याला ‘पप्पा कंपनीत जातात’ यापलीकडे काही सांगता येत नाही, आणि हुपरीहून पैंजणांच्या जोडणीचे काम घरी आणणाऱ्या आईबद्दल तिची मुलगी ‘आई काहीच करत नाही, घरीच असते’ असे सहज सांगून जाते.

माझी खरी विचारणा पुढे आहे. आपल्या जिल्ह्यात दाखवण्याजोगी कामे भरपूर आहेत, पण त्यांतील कित्येक कामे पिढ्यान्‌पिढ्या जातीशी जोडली गेलेली आहेत. कुंभार गल्लीत किंवा चप्पल कारागिराकडे मुलांना नेले आणि वर्गात परतल्यावर कोणी एखाद्या मुलाच्या आडनावाकडे बोट दाखवले, तर उपक्रमाचा हेतूच उलटेल. दुसरीकडे ही कामे टाळून केवळ बँक, दवाखाना आणि पोलीस ठाणे दाखवले, तर ज्यांचे आईवडील हातांनी काम करतात त्या मुलांना आम्ही न बोलता काहीतरी वाईटच शिकवू. यातून मार्ग कसा काढावा? शिवाय एका पालकांनी बैठकीत ‘आम्ही पोराला शिकून साहेब करायला पाठवतो, गुऱ्हाळ बघायला नव्हे’ असे स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, म्हणूनच उत्तर सुचत नाही.

प्रतिसाद १ (निवृत्त मुख्याध्यापक, कागल तालुका)

ताई, व्यवसायांची यादी करू नका. एखादी वस्तू घ्या आणि ती किती हातांतून जाते ते शोधायला लावा. आपल्याकडे त्यासाठी गुळाच्या रव्याइतकी (ढेपेइतकी) सोयीची वस्तू दुसरी नाही, आणि तुमचा काळही नेमका हंगामाचा आहे. ऊस तोडणारी टोळी, ट्रॅक्टरचा चालक, चरकावरचा माणूस, चुलवाणात चिपाडे घालून जाळ सांभाळणारा, रानभेंडीचा रस घालून मळी काढणारा आणि काहिलीतला (मोठ्या कढईतला) पाक नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा गुळव्या, एवढी माणसे गुऱ्हाळातच भेटतात. पुढे शाहू मार्केट यार्डात अडत्या, हमाल, तोलणारा आणि सौद्यात बोली लावणारा व्यापारी येतो. त्यानंतर गुळाचा नमुना तपासणारी प्रयोगशाळेतील व्यक्ती, खोक्यावरचे चित्र काढणारी व्यक्ती आणि हिशेब लिहिणारा. ‘साहेब’ याच साखळीत कुठेतरी बसलेला असतो, हे मुलांना आपोआप दिसते. त्या पालकांनाही हेच सांगावे, की गुऱ्हाळ हे साखळीचे एक टोक आहे आणि मुले तिचे दुसरे टोकही पाहणार आहेत.

भेटीला जाताना मुलांनी कागदावर प्रश्न न्यावेत आणि ते कामाबद्दलचे असावेत: काम बिघडले हे तुम्हाला कशावरून कळते, हे कोणाकडून शिकलात, कोणते माप लागते, सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता. गुळव्या थंड पाण्यात पाकाची गोळी करून पाहतो तो क्षण मुलांनी लांबून का होईना बघायलाच हवा. उकळत्या काहिलीपासून अंतर मात्र सक्तीने ठेवा.

प्रतिसाद २ (फाउंड्री व्यवसाय, शिरोली एमआयडीसी)

मॅडम, आठ वर्षांच्या मुलांना वितळलेल्या लोखंडाच्या जवळ आणू नका. ओतकामाच्या वेळी धातू सुमारे १४०० अंश सेल्सिअसला असतो आणि आम्ही मोठ्या माणसांनाही संरक्षक साहित्याशिवाय त्या भागात सोडत नाही. त्याऐवजी कारखानाच वर्गात न्या. एखादा लाकडी पॅटर्न (ज्याचा वाळूत ठसा घेतात तो नमुना), वाळूचा कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) आणि त्यापासून तयार झालेले कास्टिंग (ओतीव नग) हे तीन नग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, की ‘आतली पोकळी कशी आली?’ हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. ट्रेमध्ये ओलसर वाळू दाबून तीत ठोकळ्याचा ठसा घ्यावा आणि वितळलेल्या लोखंडाऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस शिक्षकांनी ओतावे. ते ओले असताना मुलांनी हात लावू नये, कारण घट्ट होताना ते गरम होते. हे सगळे एका तासात होते. ज्या मुलाचे वडील मोल्डर (साचे तयार करणारे) आहेत, त्यांनाच दाखवायला बोलवा. शनिवारी पहिल्या पाळीमुळे त्यांना येता येणार नाही, म्हणून साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. उद्योग वसाहतीत तो सगळीकडे एकच नसतो.

प्रतिसाद ३ (शालेय समुपदेशक)

आपण निवडलेले वय योग्य आहे. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन अभ्यासिकेने १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात मुले कामांची ‘बायकांची’ आणि ‘पुरुषांची’ अशी वाटणी करू लागतात, आणि नवव्या वर्षापासून पुढे कोणते काम प्रतिष्ठेचे आणि कोणते हलके हे ठरवून न शोभणारी कामे मनातून वगळू लागतात. वगळलेले पर्याय मुले पुढे सहसा आपणहून पुन्हा उघडून पाहत नाहीत. त्यामुळे तिसरी-चौथीत ‘मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न मी तरी टाळते. ‘आज पाहिलेल्यांपैकी कोणते काम तासभर करून बघायला आवडेल आणि का?’ असे विचारले, की मुलगी मशिनशॉपचे नाव घेते आणि मुलगा स्वयंपाकघराचे, आणि कोणी हसत नाही, कारण तासभराच्या इच्छेवर कोणाचे भविष्य टांगलेले नसते.

मुलांशी बोलताना २०२३ च्या शालेय राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील तीन गट वापरता येतील: सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्य यांसोबतचे काम आणि माणसांच्या सेवेचे काम. ही मांडणी पगारावर किंवा पदावर आधारलेली नाही, त्यामुळे पशुवैद्य आणि गोठा सांभाळणारी बाई एकाच गटात येतात.

प्रतिसाद ४ (चप्पल कारागिराच्या घरातील, सध्या सनदी लेखापाल)

ताई, तुमच्या जातीविषयीच्या प्रश्नाला वरच्या कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरून येणारे पाहुणे आमच्याकडे ‘परंपरा’ आणि ‘वारसा’ हे शब्द फार सैलपणे वापरतात. आपल्या वर्गात ते वापरू नयेत, अशी माझी विनंती आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कसे कमावतात, रापीने पट्टा एका घावात सरळ कसा कापतात, आरी कोणत्या कोनात धरतात, वेणी किती बारीक घालता येते, हे बघितले की मुलांना कौशल्य दिसते आणि तिथे आडनावाचे काही काम उरत नाही. शक्य असेल तर दोन माणसांना एकत्र बोलवा: एक हे काम करणारा कारागीर आणि दुसरी व्यक्ती अशी, जिने पादत्राणांचे डिझाइन संस्थेत शिकून घेतले आहे आणि जिच्या घरात कोणी हे काम करत नव्हते. त्याच भेटीत आमच्यासारखा कोणी या घरातून येऊन वेगळे काम करणाराही असावा. काम शिकून मिळते आणि शिकून बदलताही येते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि लगेच पुढच्या वर्षी महार वतन (पिढीजात गावकामाचे बंधन) रद्द केले, तिथे हे सांगायला बाहेरचा दाखला लागू नये. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून देऊन महाराज स्वतः तिथे चहा घेत, ही हकिकत चौथीच्या मुलाला नीट कळते.

आणखी एक गोष्ट. कोणत्याही मुलाला ‘तुझे बाबा हे करतात ना, तू सांग’ असे वर्गासमोर उभे करू नका. पालक यायला तयार असतील तर आधी मुलाला एकट्याला विचारा, आणि त्याने नको म्हटले तर तो विषय तिथेच सोडा.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही सुरुवात गुळापासून करू आणि फाउंड्रीचे सत्र वर्गातच घेऊ. चपलेच्या सत्रासाठी तिन्ही व्यक्ती मिळेपर्यंत ते पुढे ढकलणे मला योग्य वाटते. एक शंका मात्र राहिली. आमच्या वर्गात बीडकडून आलेली ऊसतोड मजुरांची काही मुले हंगामापुरती असतात. गुळाच्या साखळीत पहिले नाव त्यांच्याच आईवडिलांचे येणार. त्यांचे काय करावे?

प्रतिसाद ५ (निवृत्त मुख्याध्यापक, कागल तालुका)

लेखापाल साहेबांनी म्हटल्याप्रमाणे त्या मुलांनाही आधी एकट्याने विचारा. आईवडिलांना शाळेत बोलावू नका, त्यांचा दिवस बुडतो आणि उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या रकमेच्या) हिशेबात तो महागात पडतो. मोळी कशी बांधतात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) कोणाला विकतात, पहाटे किती वाजता फडात उतरतात, एवढे मुलांना स्वतःलाच ठाऊक असते आणि सांगायची इच्छा असली तर ती फार नेमके सांगतात. फक्त त्यांचे सांगणे संपल्यावर फळ्यावर लिहिताना त्या कामाच्या नावापुढे ‘कष्टाचे काम’ असे लिहू नका; इतर कामांपुढे जे लिहाल, म्हणजे लागणारे हत्यार, लागणारे माप आणि शिकायला लागणारा काळ, तेच त्यापुढेही लिहा.